जाळ्याच्या खुणा घरात आल्या तेव्हा

आमच्या घरात बोलणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. मी लग्न करून आले तेव्हा सासूबाई एकट्याच चार बायकांचं बोलत होत्या, आणि मीही काही मुकी नव्हते. माहेरी मला सगळे लवंगी म्हणत. नवरा मात्र बोलण्याच्या बाबतीत चिक्कू. तलावावर मासे धरणाऱ्या माणसाला गप्प बसायची सवय लागते, असं तो सांगतो. मला वाटतं, सवय आधीची होती, मासे नंतर आले. पोरगी झाली ती आजीवर गेली. चार वर्षांची असताना टोपलीतली मासोळी बघून ही मरळ, हा रोहू, हा कतला, असं एकेक ओळखून सांगायची आणि वर गिऱ्हाइकालाच विचारायची, "तुमच्या घरी कोण रांधते? माय का बाबा?" गिऱ्हाईक हसत हसत दोन मासे जास्त घेऊन जायचं.

आमचं गाव अहेरीपासून फार लांब नाही. घर तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याला लागून. थोडी धानाची शेती आहे, बाकी पोट तलावावर. मी माहेरून धानवाल्यांच्या घरची, बारावी झालेली. जाळं कसं धरतात तेही मला लग्नानंतर कळलं.

पोरीला पहिला झटका पहाटे झोपेत आला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. सासूबाईंनी चप्पल हुंगवली, शेजारणीनं कांदा फोडून आणला, आणि पोरगी शुद्धीवर यायच्या आत मिरगी हा शब्द गावभर फिरला. मिरगी म्हटलं की आमच्याकडे दोन गोष्टी ताबडतोब ठरतात. लेकराला विस्तवाजवळ जाऊ द्यायचं नाही आणि पाण्याजवळ तर नाहीच नाही. यात चूक काही नव्हतं, पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण मासेमाराच्या पोरीला पाणी बंद म्हणजे अर्धं अंगण बंद. ती पाळीकडे बघून रडायची आणि मी तिला कडेवर घेऊन घरात आणायची. अहेरीच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं, झटके थांबले आणि आम्ही हुश्श केलं.

मग तिचे शब्द गळायला लागले.

आधी वाटलं, पोरगी हट्टी झाली. "टोपली आण" म्हटलं की नुसती तोंडाकडे बघत राहायची. "इकडे ये" म्हटलं तरी तेच. मी चिडायची, दोन धपाटेही घातले असतील. मग वाटलं, कान गेले. कान गेले म्हटल्यावर सगळं घर मोठ्यानं बोलायला लागलं. मी ओरडायची, सासूबाई माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायच्या, आणि ते कमी पडलं म्हणून शेजारीण कुंपणापलीकडून ओरडायची. त्या दिवसांत रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, या घरात वाटणीचं भांडण चाललंय. पोरगी कानांवर हात ठेवून चुलीमागे जाऊन बसायची. हळूहळू तिचं स्वतःचं बोलणंही आटलं. तिच्या तोंडून मरळ गेली, रोहू गेला, आजी गेली, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत तिनं मला माय म्हणून हाक मारलेली नाही. तांब्याभर पाणी हवं असलं तरी ती माझा पदर ओढून रडायची, आणि मला समजलं नाही तर स्वतःचाच हात चावायची.

सासूबाईंचा हिशोब सरळ होता. औषधाच्या आधी झटके होते, पण शब्दही होते. औषधानंतर झटके गेले आणि शब्दही गेले. "त्या औषधानंच जीभ जड केली पोरीची," त्या म्हणाल्या. "बंद कर थे. झटका येते अन् जाते. जीभ गेली तं पोरीनं जगावं कसं?"

"बंद नाई करत," मी म्हणाले.

"काऊन? तू का डॉक्टर हायस का?"

"तुमी तरी कुठी हाव, आत्याबाई?"

त्यावर जे झालं ते लिहीत नाही. औषधाची बाटली मी माझ्या पेटीत कुलपात ठेवली आणि किल्ली पोतीत ओवून गळ्यात घातली. पण खोटं कशाला सांगू, त्यांचं म्हणणं मला मनातून खरं वाटत होतं. खरं असलं तर काय, या भीतीनंच मी चंद्रपूरची बस धरली.

चंद्रपूरला कान तपासणारी खोली होती. पोरीच्या डोक्याला काहीबाही लावून, ती झोपलेली असताना, त्यांनी तिचे कान तपासले आणि सांगितलं, कान ठणठणीत आहेत. दुसरी आई असती तर आनंदली असती. मला राग आला. कान चांगले, जीभ चांगली, मग पोरगी कुठे गेली माझी? तिथल्या डॉक्टरांनी नागपूरची चिठ्ठी दिली.

नागपूरला लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी डोक्याला तारा लावून झोपेतली तपासणी करायला सांगितली. पोरीला भरदुपारी झोप लागावी म्हणून आदल्या रात्री जागवायचं होतं, ते काम नवऱ्यानं तिला खांद्यावर घेऊन फिरवत केलं. दुसऱ्या दिवशी ती तारांचा टोप घालून माझ्या मांडीवर आडवी झाली. जागी होती तोवर पडद्यावरच्या रेघा बऱ्यापैकी शहाण्यासारख्या चालल्या होत्या. तिचे डोळे मिटले आणि रेघांनी धिंगाणा घातला. पोरगी शांत झोपली होती, एक बोटही हलत नव्हतं, आणि तिच्या डोक्यात मात्र असं काही चाललं होतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. आवाज कानातून मेंदूत पोचतो, पण तो नुसता आवाज असतो. तिथून तो शब्द ओळखणाऱ्या जागी जायला हवा, तिथून अर्थाकडे, अर्थाकडून जिभेकडे. या वयात या जागांमधल्या वाटा अजून घडत असतात, आणि दिवसभर जे ऐकलं ते झोपेत पक्कं होतं. हिच्या बाबतीत नेमकं झोपेत, नेमकं शब्दांच्या जागी, विजेसारखं काहीतरी सारखं उसळत राहतं. अंग हलत नाही म्हणून घरच्यांना दिसत नाही. ही आकडीच आहे, पण हातपाय झाडणारी नाही, शब्द खाणारी. "औषधानं शब्द गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "आजारानं गेले. तुम्ही औषध चालू ठेवलं ते बरं केलं."

मला सगळं कळलं नव्हतं, म्हणून मी माझ्या भाषेत विचारलं. "मॅडम, हे आमच्या धानाच्या बांध्यांसारखं हाय का? वरच्या बांधीतलं पाणी बांधाले तोंड फोडून खालच्या बांधीत घेतो, तिथून त्याच्या खालच्या. रोज रात्री पूर येऊन बांध फोडत असन, तं पाणी सगळीकडं हाय पण जिथी पायजे तिथी पोचत नाई."

त्या हसल्या. "तसंच समजा. पूर थांबवायचं औषध मी देते. पण पूर थांबला म्हणजे बांध आपोआप उभे राहत नाहीत. ते दिवसा बांधावे लागतील."

मी त्यांना एकच विचारलं, जे विचारायला मी एवढ्या लांब आले होते. परत बोलेल का? त्यांनी माझी समजूत काढली नाही. काही मुलांचं सगळं परत येतं, काहींचं थोडं, आणि कुणाचं किती ते आधी सांगता येत नाही, असं म्हणाल्या. शेजारच्या खोलीत बोलणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी ओरडणं बंद करायला सांगितलं. कानाची वाट बुजली असेल तर डोळ्यांची आणि हातांची उघडी आहे. तिच्याशी हातांच्या खुणांनी बोला, सगळं घर एकच खूण वापरा, आणि खूण करताना तो शब्दही तोंडानं म्हणा. खुणांनी जीभ आळशी होत नाही. उलट समजणं चालू राहिलं, तर शब्दांना परत यायला जागा राहते.

घरी येऊन मी भिंतीवर वस्तूंची चित्रं चिकटवली, ती पोरीनं फाडली. मी मनानं खुणा तयार केल्या, त्या मलाच दुसऱ्या दिवशी आठवेनात. नवीन गोळ्यांनी तिची भूक वाढली, चेहरा सुजून गोल झाला, आणि ती चिडली की मला आवरेना. मी रोज रडायची आणि रोज सासूबाईंवर खेकसायची.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं आणि मोठं जाळं ओढायचा दिवस आला. जाळं पाण्यात असेपर्यंत आमच्याकडे कुणी तोंड उघडत नाही. आवाजानं मासा बिथरतो आणि जाळ्यावरून उडी मारून जातो, असं ही माणसं मानतात. मधे डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, उभा असलेला एक जण हातानं सगळं चालवतो, आणि आमच्याकडे तो माझा नवरा आहे. मूठ वळली की दोर धरायचा. तळवा खाली दाबला की थांबायचं. हात डोक्यावरून गोल फिरवला की टोपल्या आणायच्या. मी पोरीचं मनगट घट्ट धरून पाळीवर वरच्या बाजूला बसले होते. तिकडे नवऱ्यानं मूठ वळली. माझ्या शेजारी पोरीनं मूठ वळली. त्यानं तळवा दाबला, तिनं दाबला. मी मनात म्हटलं, नक्कल करते आहे. मग नवऱ्यानं हात डोक्यावरून गोल फिरवला, आणि पोरीनं माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं, मागे पडलेली रिकामी टोपली उचलली आणि पाळ उतरायला लागली.

मी धावले, पाण्याच्या बऱ्याच अलीकडे तिला उचललं आणि किंचाळले. जाळं पाण्यात होतं, सगळे पुरुष माझ्याकडे वळून बघत होते, मासेही उडाले असतील. मला कशाची पर्वा नव्हती. टोपली आण, हे त्या पोरीला महिनोन्‌महिने कळत नव्हतं, घसा फुटेस्तोवर ओरडून कळत नव्हतं, आणि तिच्या बापानं हात फिरवला आणि ती टोपली घेऊन निघाली होती. मला वाटलं होतं पोरगी आतून रिकामी झाली. रिकामी कुठली! सगळी जागच्या जागी होती. दार तेवढं आम्ही चुकीचं ठोठावत होतो.

त्याच दिवशी मी घरात हात डोक्यावरून गोल फिरवला आणि तोंडानं म्हणाले, "टोपली." पोरीनं टोपली आणली. सासूबाईंनी ते बघितलं आणि त्यांच्या हातातलं उलथनं खाली पडलं. आनंदानं नव्हे. जाळ्याच्या खुणा कोरड्या जमिनीवर करायच्या नाहीत, घरात तर मुळीच नाहीत, अशी आमच्या सासरी समजूत. केल्या तर जाळं रिकामं येतं. त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलेलं, आणि नवरा लहानपणी खेळात असं करायचा तेव्हा त्याला हातावर मार पडलेला.

"पोटावर पाय देऊन राह्यली तू आमच्या," त्या म्हणाल्या.

"पोरगी समजून राह्यली, आत्याबाई. तुमाले दिसत नाई का?"

"दिसते. घरादाराच्या भाकरीवर समजून राह्यली, थेही दिसते."

नशीब असं, की पुढच्या खेपेला जाळ्यात खरोखरच काही आलं नाही. शेजारीपाजारी कुजबुजले, तलावावरचे बाकीचे लोक माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघायला लागले. सासूबाईंना तर हत्तीचं बळ आलं. संध्याकाळी सगळे जेवायला बसलो, आणि त्यांनी तोच विषय काढून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. नवरा खाली मान घालून जेवत होता. मला वाटलं, हा बैल आता शेपूटही हलवणार नाही. त्यानं घास संपवला, पोरीकडे बघितलं, डोंग्यात करतो तशी मूठ वळली आणि दुसऱ्या हातानं तांब्याकडे दाखवलं. "धर," तो म्हणाला. पोरीनं तांब्या धरला आणि त्याला नेऊन दिला. मग तो आईला म्हणाला, "मासा तलावात राह्यते, माय. आपल्या सैपाकघरात कोण का करून राह्यलं, थे त्याले दिसत नाई."

एवढं लांब वाक्य तो आमच्या लग्नातही बोलला नव्हता. त्या क्षणी मला त्याचा जो अभिमान वाटला तो मी आजवर त्याला सांगितलेला नाही, उगाच डोक्यावर बसायचा. सासूबाई ताटावरून उठल्या आणि कित्येक दिवस आमच्याकडे पाठ करून जेवल्या.

त्यानंतर आमच्या घरात हातांचं राज्य आलं. जाळ्याच्या खुणा संपल्या तशा आम्ही नव्या काढल्या. भात, आंघोळ, दुखतं, नको, अजून. पोरीनं स्वतःही काढल्या; आजीसाठी तिनं कंबरेवर दोन्ही हात ठेवून मान ताठ केली, ती खूण मी लगेच मंजूर केली. प्रत्येक खुणेबरोबर मी शब्द म्हणायची, हळू, तिच्या समोर बसून. हात चावणं थांबलं. चुलीमागे बसणं थांबलं. आणि एकदा दाराआडून मी बघितलं, तर सासूबाई इकडेतिकडे बघून, लुगड्याच्या आडोशानं पोरीला खूण करून स्वतःची तंबाखूची डबी मागत होत्या. मी खाकरले. त्यांनी हात असा झटकला, जसं माशी हाकलली.

पुढच्या खेपेला नागपूरला पुन्हा तारा लावल्या. झोपेतल्या रेघा बऱ्याच निवल्या होत्या. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायचं ठरवलं. तोवर शब्द एकेक करून यायला लागले होते. "दे" आला, "नको" आला, आणि एका सकाळी पदर ओढायच्या ऐवजी ती "माय" म्हणाली. मी रडत रडत सगळ्या गल्लीला चहा पाजला.

पण डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं तोंड आणि हात दिसत नसताना बोललेलं तिला कळतं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन मी तिच्या पाठीमागून हाक मारली. ती आपली खेळत राहिली. दुसऱ्या दिवशी मारली, आठवड्यानं मारली. काही नाही. म्हणजे ती ओठ वाचत होती, हात वाचत होती, माझ्या कपाळावरच्या आठ्या वाचत होती. कानाची वाट अजून बंदच होती. शाळेत मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलणार, मैत्रिणी मागून हाका मारणार, रस्त्यात गाडीवाला ओरडणार. त्या सगळ्यांच्या जगात माझी पोरगी जाणार की नाही, ते एवढ्यावर अडलं होतं. मी रोज पाठीमागून हाक मारत राहिले आणि रोज तोंडावर पडत राहिले.

पावसाळा संपून धान पिवळं पडायला लागलं होतं. अहेरीच्या बाजाराला न पाठवता येणाऱ्या पाहुण्यांसाठी जास्तीचे मासे ठेवले होते, ते मी अंगणात भिंतीकडे तोंड करून साफ करत बसले होते. आत सासूबाई पोरीला घेऊन बसल्या होत्या आणि तिथूनच माझा समाचार घेत होत्या. खवले नीट निघत नाहीत, रस्सा पातळ होतो, माहेरी काही शिकवलंच नाही. मघाशीच त्यांनी दोन वाढी भात खाल्ला होता. मी विळीवरून मान वर न करता पुटपुटले, "म्हातारीचं पोट भरते, तोंड भरत नाई."

आतून एक चिरका, अडखळता आवाज आला.

"आजी. माय म्हणते... म्हातारीचं पोट भरते... तोंड भरत नाई."

माझ्या हातातला मासा सुटून मातीत पडला.

सासूबाई दारात आल्या. डोळे लाल, लुगडं खोचलेलं, तोंडात माझ्यासाठी काहीतरी जबरदस्त तयार होतं. "का म्हणली वो तू मले?" एवढं म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मागे वळून पोरीकडे बघितलं, मग माझ्या आणि पोरीच्या मधल्या भिंतीकडे बघितलं.

"पुन्हा सांग," त्या पोरीला म्हणाल्या. "का म्हणते तुझी माय?"

पोरीनं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं. शेजारीण कुंपणावरून डोकावली. सासूबाईंनी तिला हातानं बोलावून घेतलं, मागच्या घरच्या दोघींना बोलावलं, आणि सगळ्यांसमोर पोरीला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासूबाईंच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मी खवल्यांनी भरलेले हात घेऊन तशीच उभी होते.

"उभी काऊन राह्यली?" त्या माझ्यावर ओरडल्या. "जा, त्या गोठ्यामागं जा, तोंड दिसू देऊ नको. अन् अजून बोल मले. मनात असन थे सारं बोल."

मी गोठ्यामागे गेले. लग्न होऊन आल्यापासूनचा साठा होता, मी काहीही हातचं राखलं नाही. अंगणातून पोरीचा आवाज येत होता, आजी, माय म्हणते, आजी, माय म्हणते, आणि तिनं त्यातली एकही शिवी गाळली नाही.